सोळा रंगांत मावेल एवढं

उपर्नाविकच्या नगरपालिकेत, मागच्या खोलीत
बिबियाने कॉफीचा मग कीबोर्डपासून हातभर लांब ठेवते.
एकदा सांडली होती.
पडद्यावर आज सकाळचा बर्फ आहे, उपग्रहाने टिपलेला:
चार एमबी, दोन लाख तेरा हजार रंग.
एवढे रंग कुणी मोजून पाहिलेत?
तिला दिसतो पांढरा, मग करडा,
आणि कडेला काळं पाणी.

उत्तरेला, अंगठ्यासारख्या त्या डोंगराखाली,
कुल्लोर्सुआकच्या पुढे
मासान्गुआक स्लेज थांबवून बसलाय.
त्याच्या फोनला वरून जे मिळतं ते ठिबकतं,
नळ जाता जाता येतो तसं.
चार एमबी उतरेपर्यंत
बॅटरी थंडीने मान टाकेल.

म्हणून ती टर्मिनल उघडते.
काळ्या चौकटीत एकच ओळ:
हत्याराचं नाव, रंगांचा आकडा, फाइलचं नाव.
एंटर.
दोनशे छप्पन्न रंग. नऊशे केबी.
बाण वर, आकडा खोडून चौसष्ट. साडेतीनशे.
सोळा.
मग हातच थांबेना: आठ.
ऐंशी केबी!
आणि चित्र अजून चित्रासारखंच,
डोळे जरा किलकिले केले तर.
ती खुर्चीत मागे रेलते.
पाठवते.

हत्याराचा हिशोब सरळ असतो.
एकमेकांजवळचे रंग एका गोणीत,
गोणीला एक नाव.
ज्यांची गर्दी, त्यांना जागा आधी.
जे थोडे, त्यांनी शेजाऱ्याचा सदरा घालावा.

पंचवीस मिनिटांनी त्याचा निरोप:
"आलं. फ्योर्डच्या तोंडाशी गडद रेघ असते ना,
ती कुठाय?
तिथे दर मार्चला असते.
तुझ्या चित्रात नाही."

मूळ फाइल ती पुन्हा उघडते,
नाक पडद्याला लागेल इतकी पुढे वाकते.
रेघ आहे.
करडा एकशे ब्याण्णव, आणि त्याच्या कुशीत
करडा एकशे सत्त्याऐंशी.
खालून प्रवाह वाहतो तिथे बर्फ धरतच नाही नीट,
ही गोष्ट पाच पायऱ्यांएवढीच गडद.
त्या पाच पायऱ्यांवर
एक माणूस, अकरा कुत्री,
आणि स्लेजला बांधलेला तीनशे किलो हॅलिबट.

ठिपके शिंपडून बघते.
हरवलेला रंग ठिपक्यांनी सुचवता येतो म्हणतात.
चित्र मऊ होतं खरं,
पण गुळगुळीत पक्क्या बर्फावर देवीचे व्रण उठतात.
तो ह्यालाही वळसा घालत बसेल,
दिवस मावळेल.
नको.

मग ती कागद ओढते, जुन्या पाणीपट्टीच्या पाठीवर
पेन्सिलीने रंग लिहून काढते.
हत्याराला विचारायचं नाही, सांगायचं.
बर्फाला अकरा करडे.
पाण्याला तीन.
ढगांना मिळून एक, भांडा म्हणावं.
डोंगराला एक.
झाले सोळा.
गावाला काही उरलं नाही.

दुकानाचं लाल छप्पर, शाळेचं पिवळं,
आणि कडेचं ते हिरवं
(एकच पिक्सेल, दीड म्हणा),
जिथे ती लहानाची मोठी झाली,
जिथे भाऊ अजून दर उन्हाळ्यात
शिडीवर चढून उत्तरेची भिंत रंगवतो
आणि डब्यात रंग कमी पडला म्हणून फोन करतो.
पेन्सिल त्या जागी थोडी रेंगाळते.
अकराचे दहा करून बघावेत?
रेघ पुसट होते.
परत अकरा.

एंटर.
एकशे चार केबी. ऐंशी नव्हे, पण चालेल.
कॉफी केव्हाच गार झालीये. तरी पिते.

अर्ध्या तासाने:
"दिसली. वळसा घेतो."
आणि लगेच पाठोपाठ:
"तुमचं घर बर्फ झालंय गं."

ती बरंच काही टाइप करते, खोडते.
"राहू दे," एवढंच पाठवते.
तेवढं लगेच जातं.