लाइन

शब्द सायबाचा म्हनतात.
आमच्या गावात त्याले कोनी पाहुना मानत नाही,
येते, जाते, तुटते, जुळते,
चहाचं कोनी इचारत नाही.

"लाइन हाये का?"
हा आमच्याकडचा रामराम.
इचारनारा उत्तरासाठी थांबत नाही,
समोरच्याच्या ओसरीतला पंखा पायते
आन् पुढे जाते.

मी झिरो लाइनमन.
झिरो म्हंजे रजिस्टरात ज्याचं नाव नाही
आन् ज्याच्याबिगर खांबावर कोनी चढत नाही.
खरे लाइनमन बोबडे. तालुक्याले रायतात.
पगार त्यायचा, पक्कड माही.

माह्या बापाची लाइन येगळी.
थो छोट्या गाडीचा गँगमन.
गाडी बंद झाली, रूय रायले,
रूयाच्या मधात तरोटा उगवला,
बकऱ्या टेसनात बसाले लागल्या.
बाप तरी रोज संध्याकायी
हातोडी घेऊन दोन मैल चालून ये.
"काही ढिल्लं झालं का?" माय इचारे.
"नाही," म्हने, "सारं टाइट हाये."
आजबी पत्ता सांगताना लोक
लाइनीच्या अल्याड, लाइनीच्या पल्याड म्हनतात,
जसी आताच गाडी येनार हाये.

शायेत गुरुजी म्हनत, एक लाइन सोडून लिवा.
मी सोडत गेलो.
दहावीत तीनदा बसलो, तवा म्हने,
"बावा, हे तुही लाइन नोहे."
कोनती हाये, थे नाही सांगतलं.

कंट्रोलच्या दुकानापुढे
माह्या मायची चप्पल पायटेपासून लाइनीत उभी राहे.
चपलेमांगं कोनाची पिशवी, पिशवीमांगं गोटा.
मानसं घरी भाकरी थापत.
चप्पल कोनी सरकवली तर भांडन मात्र मानसाचं होये.

आन् हापशीवर.
माह्या गुंडामांगं कांता चरडेचा गुंड.
पोट्टे कोपर मारत,
"लाइन देते रे तुले, पाय ना बे!"
मी पायलं नाही.
पाच वर्स मी फक्त तिच्या गुंडावरचं नाव वाचलं,
थे बी तिच्या आज्याचं होतं.
मंग थे पुलगावले गेली, लग्न होऊन.

यंदा वैशाखात, रात्री साडेअकराले फोन.
"लाइनमन का?"
हो म्हनलं. नाव नाही इचारलं, नाही सांगतलं.
"माय दम्याची हाये. वाफेचं मशीन बंद पडलं.
चरडेच्या घरची लाइन गेली."
आवाज थोच. जरासा खाली बसलेला.

जंप तुटला होता.
बोबडेले फोन लावला. "बंद करा."
"केली. चढ."
दुसऱ्यांदा इचारलं. चढाच्या आधी मी दोनदा इचारतो.
खालून थे बॅटरी दाखवत होती,
उजेड माह्या हातावर कमी, डोयावर जास्त.
वरतून सारं गाव दिसलं, कायंकुट्ट.
गंजलेले रूय चांदन्यात चमकत नाही,
पन त्यायची जागा दिसते,
गावाच्या मधातून सरय गेलेली.

उतरलो. "सोडा," म्हनलं.
बल्ब पेटला, मशीन घुरघुरलं.
"आली!" कांता म्हनली.
भांगाजोळ पांढरं झालं होतं.
थे मशीनकडे पाहे, मी मीटरकडे.
हापशीवरच्या पोट्ट्यायनो, कोनी असाल तर आयका,
लाइन दिली.
मी दिली.

"किती झाले?" तिनं इचारलं.
"काही नाही."
तिची माय तोंडावरचा मास्क बाजूले करून
माह्याकडे पायत रायली.
"कोनाचा रे तू?"
"लाइनवाल्याचा."
"कोन्या लाइनवाल्याचा?"
सांगाले तोंड उघडलं,
आन् गेली.

मशीन गप.
बुडी खोकलली.
मी अंधारातच पक्कड चाचपली.
दारातून निघालो, त खांबापर्यंत
माह्यापुढे माहीच सावली चाले,
लंबी, डुगडुगती.
मांगं बॅटरी होती.