येणे बाकी

फादर, तुम्ही वही उघडून बसलात,
चमत्कार सांगा म्हणता.
मी शिंपी माणूस. सियागंजात पन्नास वर्षं कापड कापलं.
माझ्याकडे मदर तेक्लाची मापं आहेत.
उंची बावन्न, खांदा चौदा, गळा बंद,
खिसा एक, आतून.
तो तिनं हट्टानं लावून घेतला.

वसईची बाई. सोबत तीन पोरी
आणि मालवा मिलच्या मागं पत्र्याची खोली.
छातीत कापूस साठलेले कामगार तिथं खोकत पडायचे.
याला मठ म्हणायची!
घंटेला पैसे नव्हते,
तर मिलच्या भोंग्यावर प्रार्थना लावली.
मी म्हटलं, पाळी बदलेल तसा देव बदलतो की काय?
"तो तिन्ही पाळ्या करतो, हेंद्रे,"
म्हणाली, आणि उसवलेली बाही पुढं केली.

नवा झगा एकदाच शिवला.
पुढं नुसती ठिगळं.
शेवटी मूळ कापड कुठलं, ते मलाही सांगता येईना.

घरचे म्हणायचे, फुकट का राबता?
फुकट नव्हतं. लिहिलंय की :
येणे अकरा रुपये आठ आणे.
दर नाताळाला यायची, पान काढायला लावायची.
"असू द्या. खोडू नका."
माझा थोरला भाऊ तिच्याच खाटेवर गेला,
तिच्या हातचं पाणी पिऊन.
तेव्हाही खोडलं नाही.

मग मिल बंद पडली.
मदर जाऊन चार वर्षं झाली होती.
भोंगा नाही म्हणून त्या पहाटे मला झोपच लागेना.
वाटलं, आता या बायका तरी निजतील.
सायकल काढली, बघायला गेलो.
माळव्यातली थंडी, हँडल हाताला चिकटत होतं.
पावणेपाचला
पत्र्याच्या फटीतून उजेड.

आता एकोणीस जणी आहेत, वर स्लॅब आहे.
मिलच्या जागी फ्लॅट.
घंटा द्यायला एक शेठ आला होता,
थोरल्या सिस्टरनं चहा पाजून परत पाठवला.

खिशात काय होतं?
ती गेल्यावर झगा माझ्याकडेच आला उसवायला,
ठिगळं वाटून घ्यायची होती पोरींना.
सुतळी निघाली. बिडीची तीन थोटकं,
कुणा खोकणाऱ्याकडून हिसकावलेली.
आणि माझंच पितळी अंगुस्तान,
ज्याच्यापायी मी शागिर्दाच्या कानफटात मारली होती,
बासष्ट साली.

हे लिहायचं तर लिहा.
त्या पोराचं नाव शंकर बोडखे. देवासला असतो.
त्यालाही विचारा.