बरणीत किती

हजिऱ्याच्या शाळेत, पाचवी 'ब'च्या वर्गात
दिवसभर मी लोकांच्या बोटांना शाई लावली.
जुलै. वीज गेलेली. भिंतीवर कुणा पोरानं काढलेला उंट,
त्याला पाच पाय.

दादा सकाळीच म्हणाले होते,
"प्रत्येकाला आधी तीन प्रश्न विचार.
महापौर काय करतो, पार्षद काय करतो,
आणि तिघऱ्याचं पाणी नळापर्यंत येतं कसं.
तिन्ही चुकले तर सरळ घरी पाठव."
एजी ऑफिसात छत्तीस वर्षं
दुसऱ्यांच्या बेरजा तपासलेला माणूस.
चुकीचा रंग त्यांना एकच ठाऊक, लाल.

साडेअकराला रामश्री आली.
अंगठा उठवला, पदराला पुसला,
पुठ्ठ्याच्या आडोशाला गेली
आणि तिथंच राहिली.
मतं दोन असतात, दुसरं दिल्याशिवाय शिट्टी वाजत नाही.
रांग कुरकुरायला लागली.
आतून आवाज आला, "बेटा, इसमें सीढ़ी नहीं है।"
शिडी मागच्या खेपेला होती.
शिडीवाला कोविडमध्ये गेला,
हे तिला कुणी कळवलं नव्हतं.
"अम्मा, जो है उसी में देखो," पीठासीन साहेब म्हणाले.
उठून जायचं नाही, असा नियम.
बराच वेळ काहीच नाही.
मग शिट्टी.
बाहेर येताना तिनं आपणहून सांगून टाकलं,
"पंखा दबा दिया। गर्मी देखो कितनी है।"
सगळे हसले. मीही हसले,
इतकी, की पुढच्या बोटावर शाई सांडली.

मी गणित शिकवते.
सातवीला एकदा लोणच्याच्या बरणीत राजमा भरून दिला होता,
न मोजता सांगा, दाणे किती.
कुणी लिहिलं दोनशे, कुणी पाच हजार,
एकीनं तर स्वतःचा रोल नंबरच लिहिला.
चिठ्ठ्यांची सरासरी निघाली नऊशे बारा.
मोजले तेव्हा आठशे शहाण्णव.
फळ्यापाशी मी उभीच राहिले.
एकाचं खुळ दुसऱ्याच्या खुळाला खाऊन टाकतं,
ते चहूकडे सारखं पांगलेलं असेल तर.

दुसऱ्या तुकडीत चिठ्ठ्या वाटायच्या आधीच
हेमू कुशवाह ओरडला, "तीन हजार!"
त्याला काही जास्त कळत होतं असं नाही,
आवाज मोठा होता.
मग एकूण एक चिठ्ठी
त्या आकड्याभोवती माशीसारखी घोंगावत बसली.

चारच्या सुमारास रांगेत एक मोबाईल फिरला.
त्यात काय होतं ते मला दिसलं नाही.
चेहरे दिसले,
एकामागून एक, एकाच बाजूला वळत गेलेले.
त्यांच्याही बोटांना शाई मीच लावली.
नाव जुळत होतं, फोटो जुळत होता,
डोक्यात काय आहे याला यादीत रकाना नव्हता.

रात्री चिटणिसांच्या गोठीत परतले.
दादा जागेच.
"किती पास?"
"तुम्ही कुणाला दिलंत?"
"नेहमीचंच. त्यात काय विचारायचं?"
"पार्षदाचं नाव?"
ते चष्मा पुसायला लागले.
"बरं, आपला वॉर्ड कितवा?"
तो मात्र त्यांनी ठणकावून सांगितला.
चुकीचा.
मध्यंतरी हद्दी बदलल्या,
आपली गल्ली नाल्यापलीकडच्या वॉर्डात गेली,
हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.
पण डोळ्यांपुढून तो मोबाईल हलेना,
आणि पंखा,
आणि माझ्या पर्समध्ये अजून तसाच घडी घातलेला
ड्यूटीवाल्यांच्या मतदानाचा अर्ज,
जो भरायचा राहून गेला.
माझ्या दहाही बोटांवर शाई होती,
एकाही मताची नाही.

अकरा वाजता दादा उठले.
"कितवा म्हणालीस?"
दुधाचा हिशेब असतो त्या कॅलेंडरवर
कोपऱ्यात त्यांनी जुना नंबर लिहिला,
त्यावर एक आडवी रेघ मारली,
शेजारी नवा लिहिला, लाल पेनानं,
आणि खाली, सवयीप्रमाणे, सही केली.