हळूहळू झालेलं

विम्याचे ढोमणे आले मे महिन्यात, भर दुपारी.
रामदासपेठेत कुत्रंही नव्हतं रस्त्यावर.
कूलरपुढे बसून दोन गिलास पन्हं प्याले,
मग म्हणाले, दाखवा.

कपाटाची किल्ली बाबांच्या जानव्याला.
बारा बोअरची दुनळी, आजोबांची.
एक पॉइंट टू टू, दस्त्यावर जबलपूरच्या दुकानाची पितळी पट्टी.
आणि ठासणीची,
जी कुणाच्याच आठवणीत उडालेली नाही.

चोरी?
धरतो.
आग?
धरतो.
निवडणुकीत ठाण्यात जमा केली, तिथे दस्ता तडकला तर?
"सरकारी ताब्यातलं नाही धरत, काका."
बाबांनी दुनळीवरची चीर अंगठ्याने झाकली.

गंज? वाळवी?
"हळूहळू झालेलं नुकसान कंपनी धरत नसते.
एकदम झालं पाहिजे."

आई आतून म्हणाली,
अहो, हे फक्त रविवारी पुसतात.
खरंच. लहानपणी मला वाटायचं,
बंदूक म्हणजे रविवारी तेल लावायची गोष्ट,
माझ्या केसांसारखी.

फॉर्मवर 'वापर' असा रकाना होता.
पेन तिथे बराच वेळ थांबलं.
मग बाबांनी लिहिलं: घरात असते.

सही करताना अंगठ्याचं तेल कागदात उतरलं,
पोस्टाच्या तिकिटाएवढं.
त्यातून मागच्या पानाची अक्षरं दिसू लागली, उलटी.

ढोमणे म्हणाले, असा कागद चालत नाही ऑफिसात,
दुसरा देतो.

बाबा हात पुसत म्हणाले,
द्या.
त्यालाही लागेल.