झाकली मूठ

हिल्लारनं दुकानाबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहून ठेवलं:
तेहतीस. खाली तीन.
त्याखाली माशांचा भाव.
हे माझं कुलूप, म्हणाला, कुणीही लावावं,
किल्ली एकट्या माझ्याकडे.

चाळीस वर्षं या हियुमा बेटावर गणित शिकवलेला माणूस,
साधं दारात येऊन विचारवत नाही त्याला.
प्रश्न मात्र आला उघड्या कार्डावर,
पोस्टमनच्या अख्ख्या घरानं वाचून झाल्यावर:
बर्फ वितळला की माझ्याकडे राहायला येशील, उर्वे?
उत्तर तेवढं कुलपात घालून पाठव.

आमच्या लिपीत होकार तीन अक्षरांचा. याह.
नववं, पहिलं, सातवं.
राईच्या पावाचे कण बाजूला सारून
मी प्रत्येकाचा घन केला, तेहतीसनं भागलं,
उरलं ते मांडलं:
तीन, एक, तेरा.
मधला एक तसाच राहिला, बेशरम.
एकाला एकानं कितीही गुणा,
त्याला लपताच येत नाही.

नकार दोनच अक्षरांचा. एइ.
चौथं, आठवं.
एकतीस, सतरा.

दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले
आणि तेव्हा लक्षात आलं,
हे तर कुणालाही करता येईल.
किल्ली कशाला हवी?
कुलूप चव्हाट्यावर आहे, उत्तरं दोनच आहेत.

दुकानात गेले तर पोस्टमनचा तॉर्मी, वय बारा,
माझ्याकडे बघून गालात हसला.
त्याच्या खिशातून चिठ्ठी डोकावत होती.
होकार आणि नकार, दोन्ही आधीच कुलपात घालून
पोरगं माझ्या पत्राची वाट बघत होतं.
पैजही लागली होती म्हणे,
एका धुरवलेल्या बांगड्यावर.

छोट्या शब्दाचं हे असंच.
त्याला अंगच नसतं, पांघरूण घालणार कुठे?
नुसती लांबी बघूनही कळतं
आत कोण झोपलंय.

मी फळा पुसला. भाव तेवढे ठेवले.
हिल्लारला निरोप धाडला: मोठं कुलूप आण.
त्यानं आणलं, सहाशे सतरा आकडी,
वाचनालयाच्या दारावर लांबलचक पट्टीसारखं डकवलं.
आणि मी शब्द तसाच नाही पाठवला.
अंडी भुशात घालून पाठवतात
तसा भरला तो निरर्थकात:
फासे टाकून आलेले आकडे,
जुन्या नोंदवहीतले अर्थ हरवलेले क्रमांक,
मांजर कळफलकावरून चाललं तेही राहू दिलं.
मग तोच शब्द पुन्हा एकदा, नव्या भुशात.
दोन पाकिटं निघाली, एकमेकांना न ओळखणारी.

तॉर्मीनं तीन दिवस डोकं लावलं.
चौथ्या दिवशी येऊन सरळ विचारलं,
काय लिहिलंत?

मी त्याला एक अंडं उकडून दिलं.

तुम्हीही विचारू नका.
बर्फ अजून पुरता वितळला नाही,
आणि हिल्लारच्या खिडकीत
रोज रात्री उशिरापर्यंत दिवा जळतोय.
भुसा फार घातला की काय मी?