लिंबू कडेनं चिरावं

पहाटे साडेचारला
गंगावेशीत धारेच्या म्हशी येऊन उभ्या राहतात
तेव्हा मी दोनशे लिंबं चिरायला बसतो.
मधोमध नाही. ढवळे मिस्त्रींनी शिकवलं तसं, कडेनं.
चार फोडी सुटतात,
मधला खांब बियांसकट आपल्याच हातात राहतो.
"गिऱ्हाइकाच्या कटात बी पडली की आपली लाज गेली."
सहा वर्षं झाली.
नखांच्या कडा पांढऱ्या पडल्यात
आणि कुठं खरचटलंय
हे डोळ्यांच्या आधी लिंबू सांगतं.

बी.ए. इतिहास, दुसऱ्या वर्षाला सोडलेलं.
म्हणून कपिलतीर्थात शमशाद बागवान
मला नावानं नाही, 'ए इतिहास' म्हणून हाक मारते.
"सांग की, लिंबाचा काय इतिहास?"
मी सांगतो.
लांब पूर्वेच्या ओल्या रानात
महाळुंगाचं कुठल्याशा रानटी आंबटाशी जुळलं, असं म्हणतात.
मग लेकरू फिरतीवर निघालं.
अरबांच्या गलबतांत चढलं, तिथं त्याला लीमून म्हणाले.
पुढं भर समुद्रात खलाशांच्या हिरड्या सडायच्या,
दात हातात यायचे,
आणि घोटभर रसानं...
"गलबताचं ऱ्हाऊ दे," शमशाद म्हणते,
"शेकडा सातशेवर गेलाय, ते लिहून ठेव कुठंतरी.
त्यो बी इतिहासच."

तिच्या पाटीत तीन ढीग.
पातळ सालीची, रसाची, आमच्यासारख्या हाटेलवाल्यांना.
डागाळलेली तालमीतली पोरं पोत्यानं नेतात.
हौद्यात नवी तांबडी माती पडली की
हळद, ताक, तेल, आणि वर लिंबं पिळायची.
पैलवान घासला तर घासू दे, चिघळायला नको.
तिसरा ढीग खड्यासारखा, आत थेंब नाही.
तो नजरेचा.
एक लिंबू, सात मिरच्या, खाली बिब्बा.
शुक्रवारी रात्री ओवायचं, शनिवारी दाराला.
मी एकदा म्हटलं, बिनरसाचं चालतं व्हय?
शमशाद हसली नाही.
"नजरंला कुठं तहान असती?"

रविवारी पहाटे हौसाताई येते, महापालिकेची.
उतरवलेली लिंबं रस्त्यात पडलेली असतात,
माणसं उडी मारून चुकवतात,
बुलेटवालासुद्धा वळसा घालतो.
ती वाकून उचलते.
हातमोजे मिळालेत, दोन्ही डाव्या हाताचे.
भीती नाही वाटत?
"साऱ्या पेठंची नजर माझ्या ढकलगाडीत घेऊन फिरतो मी,"
ती म्हणते, "मला लागाय जागा कुठाय?"

मग माझ्या पाटावरचे दोन-तीन खांब उचलते,
तळवे चोळते, कोपरापर्यंत, नखांच्या फटीत.
हात नाकाशी नेते.
त्यानंतरच चहाचा कप धरते.
तिनं कधी मागितले नाहीत, मी कधी दिले नाहीत.
ते फक्त रविवारी बादलीत जात नाहीत, एवढंच.

परवा म्हणाली, डेपोवर लिंबोणी उगवलीया.
कुणी लावली न्हाई, कुणी पाणी घातलं न्हाई.
काटं लई.
"कुणाच्या दारातली नजर असंल,
न्हाईतर तुझ्या हाटेलातला खांब. कुणाला म्हाईत."
आणि कमरेच्या पिशवीतून एक काढून पाटावर ठेवलं.
हिरवं, एका बाजूला पिवळसर,
एवढ्या कचऱ्यातून येऊनही
वास फक्त लिंबाचाच.

दोनशे एकावं.
सुरी कडेला लावली होती. उचलली.
मधोमध चिरलं.
अर्धं तिच्या मिसळीवर पिळलं, अर्धं माझ्या.
चार स्लाइस मध्ये ठेवले.
बाहेर शटर अजून निम्मं खाली,
त्याला कालचं लिंबू लटकलेलं.

तिसऱ्या घासाला माझ्या दाताखाली बी आली.
कडू.
हौसाताईच्याही आली असावी,
ती क्षणभर थांबली,
आणि पुन्हा खायला लागली.