आधार

गेटवर जवानानं आधार कार्डं ठेवून घेतली,
म्हणाला, उतरताना घेऊन जा.
तिथून पुढे मी आणि दाऊद हिवाळे
दोघंही निराधार चढतोय.

नारायणपूर खाली राहिलं.
अंजिराच्या बागा घडी घातल्यासारख्या मिटत गेल्या.
दाऊद दर वळणावर थांबतो, गुडघा चोळतो, सांगतो,
पणजा इथं डोली वाहायचा.
तापानं फणफणलेले गोरे शिपाई
पुण्याच्या छावणीतून हवा खायला वर यायचे.
काही बरे होऊन उतरले.
काहींची हवाच झाली.

चर्च येतं ते एकदम,
न कळवता पाहुणा दारात उभा राहावा तसं.
भिंती. कमानी. छप्पर नाही.
वेदीच्या जागी उंबराचं रोप,
मुळं दगडांच्या सांध्यांत बोटं घालून
काहीतरी चाचपणारी.
भिंतीवर विकी आणि सोनाली, बाणासकट.
फरशीवर शेळ्यांच्या लेंड्या, अजून ओल्या.
म्हणजे सकाळची उपासना होऊन गेली.

पाटी कुणीतरी नेली; खिळ्यांची चार भोकं उरलीत.
एकात करंगळी घालून दाऊद म्हणतो,
इथं कुठल्याशा साहेबाचं नाव होतं.
आणि पणज्याचं?
त्याचं खांद्यावर होतं. घट्टा.

उपासना संपेपर्यंत तो बाहेर,
डोलीच्या दांड्याला टेकून.
शब्द कळायचे नाहीत, चाल कळायची.
तेवढी घेऊन घरी जायचा,
आणि पणजी त्या चालीवर दळायची,
येशूचं नाव कानावर पडायच्या कितीतरी आधी.

दाऊद चपला काढतो. लेंड्या चुकवत
मधोमध उभा राहतो.
खाकरतो. पुन्हा खाकरतो.
मग ती जात्याची चाल.
मला वाटलं होतं आवाज घुमेल.
घुमत नाही.
वर अडवायला काही नाही,
गेलेला सूर परत येत नाही,
सरळ जातो.
माथ्यावर केदारेश्वराची घंटा कुणी वाजवली.
ती त्याच्या पट्टीत नव्हती.
तो थांबला नाही.

ढग आत आला, एका खिडकीतून,
दुसरीतून जायची घाई न करता.
थोडा वेळ दाऊद दिसेना. चाल तेवढी.

उतरलो तेव्हा अंधार पडत होता.
जवानानं न बघताच कार्डं हातात दिली.
एसटीत बसल्यावर लक्षात आलं, अदलाबदल झालीय:
माझ्या खिशात दाऊद योहान हिवाळे,
जन्म एकोणीसशे एकावन्न, फोटोत डोळे मिटलेले.

सासवड येईपर्यंत
मी ते परत केलं नाही.